विश्लेषण : ड्रॅगनऐवजी चकवा! यवतमाळच्या मातीतला रोलप्लेइंग गेम बनवायचा, तर काय लागेल?

नियम मोफत आहेत, वीस बाजूंच्या फाशाऐवजी चिंचोके चालतात, छपाईही आवाक्यातली आहे. मग अडते कुठे?

'पोडावर पोचायच्या आतच अंधार पडलाय. मघाशी मागे टाकलेलं मोहाचं झाड तिसऱ्यांदा समोर आलंय. झाडाखाली एक म्हातारा उभा आहे. तो विचारतो, "एवढ्या राती कुठी चालले बाप्पा?" तुम्ही काय करता?'

टेबलाभोवती चार जण बसले आहेत. हातात कागद आणि पेन्सिल. पाचव्याने हे वाक्य बोलून चौघांकडे पाहिले, की खेळ सुरू. स्क्रीन नाही, कंट्रोलर नाही. वरचा प्रसंग कल्पनेतला आहे, पण अशाच वाक्यांवर चालणाऱ्या 'टेबलटॉप रोलप्लेइंग गेम'ला पन्नास वर्षे होऊन गेली. हा खेळ काही महिने खेळलेल्या जवळपास प्रत्येकाच्या वहीत स्वतःच्या गेमचा एखादा नकाशा काढलेला सापडतो. हा नकाशा टिपेश्वर आणि पैनगंगेचा असेल, तर तो वहीतून पुस्तकात कसा येईल?

हा खेळ नेमका काय आहे?

सुरुवात १९७४ मध्ये अमेरिकेत झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) बाजारात आणला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि एक जण 'डंजन मास्टर' होतो. तो जग उभे करतो, वाटेत भेटणाऱ्या सगळ्यांची सोंगे वठवतो आणि निकाल सांगतो. आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे : सूत्रधार. पात्राने काही अवघड केले, की फासा टाकायचा. फासा सांगेल ते खरे. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली मुले तळघरात बसून खेळतात, तो हाच खेळ. भारतातल्या अनेकांनी तो पहिल्यांदा तिथेच पाहिला.

इंग्रजीबाहेरच्या देशांनी फार वाट पाहिली नाही. स्वीडनमध्ये १९८२ मध्ये 'ड्राकार ओख डेमोनर', जर्मनीत १९८४ मध्ये 'दास श्वार्त्से आउगे' आणि ब्राझीलमध्ये १९९९ मध्ये पोर्तुगीज भाषेतला 'टॉरमेंटा' आला. भारताची छाया असलेले साहसही डी अँड डीच्या अधिकृत पुस्तकात आले आहे. २०२२ च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या संग्रहात लेखिका मिमी मंडल यांनी बंगालवरून बेतलेला प्रदेश रंगवला आहे. बंगालपर्यंत गाडी पोचली आहे. वऱ्हाडापर्यंत यायला हरकत नसावी.

दुसऱ्याचे नियम वापरले तर केस होईल का?

चाहत्यांना सर्वात जास्त धास्ती याचीच असते. ती बरीचशी अनाठायी आहे.

जानेवारी २०२३ मध्ये डी अँड डीची मालक कंपनी 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'ने आपला जुना खुला परवाना बदलण्याचा घाट घातला. मसुदा फुटला आणि त्यात रॉयल्टीची कलमे निघाली. चाहत्यांनी कंपनीच्या सेवेची वर्गणी रद्द करण्याचा सपाटा लावला. महिना संपायच्या आत, २७ जानेवारीला, कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा सुमारे ४०० पानांचा दस्तऐवज 'क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्युशन ४.०' परवान्यात टाकला. हा परवाना मागे घेता येत नाही. श्रेय द्या आणि वापरा : मराठीत भाषांतर करा, त्यावर गेम बांधा, विका. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव आणि लोगो मात्र मिळत नाही. मुखपृष्ठावर ते छापले, तर नोटीस येणे स्वाभाविक आहे.

भारतीय कायदाही अनुकूल आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३ (एम) नुसार खेळ खेळण्याची पद्धत हा 'शोध' मानला जात नाही. म्हणजे 'फासा टाका, त्यात ताकद मिळवा, आकडा गाठा' यावर कुणाचे पेटंट नाही. कॉपीराइट कल्पनेला नसतो, मांडणीला असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच सांगितले. नियम स्वतःच्या शब्दांत लिहिले तर ते लिखाण तुमचे.

खरी गोची मराठी साहित्यातून पात्रे उचलताना होते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. 'वीरधवल'कार नाथमाधव १९२८ मध्ये वारले, त्यामुळे त्या अद्भुतरम्य जगावर आज कुणीही गेम बेतू शकतो. नारायण धारपांचे निधन २००८ चे. त्यांचे 'समर्थ' गेममध्ये आणायचे, तर २०६८ संपेपर्यंत वारसांची परवानगी लागेल. धारपांच्या चाहत्यांसाठी ही वाईट बातमी आहे, पण परवानगी मागायला कुणी बंदी केलेली नाही.

वीस बाजूंचा फासा यवतमाळात कुठून आणायचा?

ऑनलाइन मिळतो. पण इथे इंजिनीअरिंगच्या पोराला गप्प बसवणार नाही अशी एक गंमत आहे.

अंगणात खडूने घरे आखून चल्लस-आठ किंवा अष्टा-चंगा खेळलेल्यांना चिंचोके आठवतील. चिंचोका फोडला, की एक बाजू पांढरी आणि एक काळी. चार अर्धुके हातात खुळखुळवून टाकायची. जितकी पांढरी वर तितके दान. चारही काळी पडली, तर आठ.

आता गणित. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा येण्याची शक्यता सारखीच, ५ टक्के. चिंचोक्यांचे तसे नाही. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असे धरले, तर एकूण १६ शक्यता होतात. त्यातल्या ६ मध्ये 'दोन' पडतो, म्हणजे ३७.५ टक्के. 'एक' आणि 'तीन' प्रत्येकी २५ टक्के. 'चार' आणि 'आठ' मात्र प्रत्येकी ६.२५ टक्के. म्हणजे बहुतेक वेळा दान मधले पडते आणि कधीतरीच नशीब उघडते. डी अँड डीमध्ये 'नॅचरल ट्वेंटी' पडला, की टेबल दणाणते, त्याची शक्यता ५ टक्के. चिंचोक्यांचा आठ जवळपास तितकाच दुर्मीळ आहे. कुणी डिझायनर न नेमता परसदारी तयार झालेला हा 'क्रिटिकल हिट' आहे!

पण खरा चिंचोका नाणे नव्हे. त्याची एक बाजू फुगीर असते, दुसरी सपाट. त्यामुळे नियम लिहिण्याआधी शंभरदा टाकून नोंद करावी आणि हाती येईल त्या प्रमाणावर गेम बेतावा.

मराठीत नियम लिहायचे तर शब्द कुठले?

शब्दकोशातले घेतले तर खेळ मरतो. 'स्ट्रेंथ'ला 'बल' न म्हणता 'ताकद' म्हणावे, 'डेक्स्टेरिटी'ला 'चपळाई'. इंग्रजीत 'इंटेलिजन्स' आणि 'विझ्डम' यांतला फरक नव्या खेळाडूला समजावून सांगावा लागतो. मराठीत 'हुशारी' आणि 'शहाणपण' म्हटले, की विषय संपतो. 'करिष्मा'पेक्षा 'छाप' बरी. 'हिट पॉइंट'ला 'जीव' म्हणता येईल : 'माझे सात जीव उरले.' 'लेव्हल' आहे तशीच राहू द्यावी. तिला 'स्तर' म्हणणारा खेळाडू शोधूनही सापडणार नाही.

व्याकरणाची अडचण मात्र खरी आहे. इंग्रजी नियमपुस्तक 'यू' म्हणून मोकळे होते. मराठीत 'तू गेलास' की 'गेलीस', हे लिहिताना ठरवावे लागते. मग सूत्रधाराचे सगळे बोलणे 'तुम्ही'त लिहिणे हा सोपा मार्ग ठरतो : 'तुम्ही पोचता, तुम्हाला दिसते.' नियम प्रमाण मराठीत आणि पात्रांचे संवाद वऱ्हाडीत, अशी वाटणी केली, तर पुस्तक पुण्यातही कळेल आणि दारव्ह्यातही हसवेल.

यवतमाळच का?

कारण सेटिंग तयार आहे. पांढरकवड्याजवळचे सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे टिपेश्वर अभयारण्य. नांदेडच्या सीमेवर कोसळणारा पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा. वणीच्या कोळसा खाणी. कळंबचे जमिनीखालचे चिंतामणी मंदिर. आणि यवतमाळ ते मूर्तिजापूर धावलेली 'शकुंतला'. अडीच फूट रुंदीच्या नॅरो गेजवरची ही गाडी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीची. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होते. रात्रीच्या गाडीत चार अनोळखी प्रवासी, एक कापसाचा व्यापारी आणि एक रिकामी सीट, एवढ्यावर एक अख्खे साहस उभे राहते.

पण नावे बदलून काम भागत नाही. 'ड्रॅगन'च्या जागी 'वाघ' लिहिला, की काय होते ते पाहा. डी अँड डीच्या मूळ साच्यात राक्षस मारला की अनुभवाचे गुण मिळतात आणि गुणांवर पात्र मोठे होते. म्हणजे नियम ज्याचे बक्षीस देतात, खेळाडू तेच करतात. हा साचा यवतमाळात आणला तर वाघ मारणे हे पराक्रमाचे माप होईल. जिथे 'अवनी' ऊर्फ टी-१ वाघिणीला १३ जणांच्या मृत्यूंसाठी जबाबदार धरले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव परिसरात तिला गोळी घातली गेली, तिथे हा साचा चालणार नाही. घरातला माणूस गेलेल्यांनाही तो चालणार नाही आणि वाघाच्या बाजूने उभे राहिलेल्यांनाही.

स्वीडिश कंपनी फ्री लीगचा २०२० चा 'व्हेसन' यावर वेगळा रस्ता दाखवतो. योहान एगरक्रान्स या चित्रकाराच्या लोककथांवरील पुस्तकातून हा गेम आला. त्यातल्या बहुतेक भुतांना शस्त्राने हरवता येत नाही. ते का चिडले, गावाने कुठला शब्द मोडला, हे शोधावे लागते. खेळ लढाईचा उरत नाही, चौकशीचा होतो.

आपला चकवा याच जातीचा आहे. चकवा लागलेला माणूस गोल गोल फिरत त्याच जागी येतो. त्याच्याशी लढता येत नाही. मोठी माणसे सांगायची, जागेवर बसा, उजाडू द्या. गेमच्या भाषेत : 'चालत राहाल तर दर दानाला एक जीव कमी. थांबाल तर रात्र जाईल, पण पोडावरच्या आजारी माणसापर्यंत औषध वेळेत पोचणार नाही.' एवढा एक नियम चार पानांच्या राक्षसवर्णनापेक्षा जास्त खेळवतो. पिंपळावरचा मुंजा, वेताळ, झोटिंग ही मंडळीही याच रांगेत बसतात.

आणि वाघ? त्याच्यासाठी वेगळाच गेम लिहिता येईल. टिपेश्वरमध्ये जन्मलेला, रेडिओ कॉलर लावलेला 'वॉकर' हा वाघ २०१९ मध्ये बाहेर पडला. तेलंगणाची हद्द ओलांडून, शेतातून, रस्ते पार करत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याचा नोंदलेला एकूण प्रवास ३,००० किलोमीटरच्या पुढे गेला. एकट्याने वही घेऊन खेळायचे 'जर्नलिंग गेम' आता लोकप्रिय आहेत. टिम हचिंग्ज यांचा 'थाउजंड इयर ओल्ड व्हँपायर' त्यातला गाजलेला. तसा एक गेम, ज्यात खेळाडूच वाघ आहे : ५२ पत्ते, रोज एक पत्ता. इस्पिक म्हणजे रस्ता, चौकट म्हणजे तुरीचे शेत, किलवर म्हणजे शिकार, बदाम म्हणजे दुसऱ्या वाघाचा माग. पाच पत्त्यांत शिकार आली नाही, तर गाय दिसते. मारायची का, हे खेळाडूने वहीत लिहायचे. आठ पानांत बसणारा हा गेम असेल, आणि यादीतल्या सगळ्या स्वप्नांत स्वस्तातला व बहुधा सगळ्यांत चांगलाही.

गोष्ट कोणाची?

कायद्याने मोकळे सोडलेली, पण सोपी नसलेली जागा ही आहे. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या कथेला एकटा असा लेखक नसतो, त्यामुळे कॉपीराइटचा कायदा तिथे सहसा आड येत नाही. यवतमाळ हा कोलामांचा जिल्हा. महाराष्ट्रात 'विशेष असुरक्षित आदिवासी समूह' म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी ही एक. त्यांची कोलामी भाषा द्रविड कुळातली. गोंडांच्या वंशकथा किंगरीवर गाऊन जपणारे परधान याच मुलखातले. शेजारच्या आदिलाबादमध्ये सापडलेल्या गुंजाळा गोंडी लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. म्हणजे हे 'मटेरियल' बेवारस पडलेले नाही. त्याला घर आहे, आणि ते घर मोटरसायकलने तासा-दोन तासांवर आहे.

अमेरिकेत २०२१ मध्ये क्राउडफंडिंगवर १० लाख डॉलरहून अधिक जमवणारा 'कोयोटी अँड क्रो' हा गेम मूळनिवासी लेखक-चित्रकारांच्या चमूने केला. चेरोकी नेशनचे कॉनर अलेक्झांडर त्याचे निर्माते. वसाहतवाद कधी आलाच नाही, असे भविष्य त्यात आहे. आपल्या जमातीच्या परंपरा पात्रात कशा आणाव्यात, हे पुस्तक मूळनिवासी खेळाडूंना सांगते. इतरांना सांगते, खऱ्या जमातींच्या गोष्टी उचलू नका, पुस्तकातलेच जग वापरा. यवतमाळच्या गेमला याहून चांगला नमुना मिळणे कठीण. कोलाम किंवा गोंड तरुण लेखकांच्या यादीत हवेत, मुखपृष्ठावर नावानिशी आणि विक्रीत वाट्यासह. 'आभार' या पानावर एक ओळ देऊन ते भागणार नाही.

खलनायकांबाबतही एक पथ्य. 'गावातली चेटकीण' हे पाश्चात्त्य गेममधले हमखास पात्र. महाराष्ट्रात करणीच्या संशयावरून खऱ्या बायकांना मारहाण झाली आहे आणि म्हणून २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. गेममध्ये ती बाई दोषी निघाली, तर गेम जमावाच्या बाजूने उभा राहतो. तिच्यावर आळ घेणारा कोण आणि तिची जमीन कुणाला हवी आहे, हे शोधणारे साहस जास्त रंगेल.

टेबलावर कोण बसले आहे?

यवतमाळच्या नावापुढे बाहेरच्यांना शेतकरी आत्महत्या आठवतात. २०१७ च्या खरिपात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन इथे शेतकरी-शेतमजूर दगावले. गेममध्ये कर्ज, सावकार, फवारणीचा पंप आणायचा का? आणू नये असे नाही. पण खेळायला बसलेल्या चौघांपैकी एखाद्याच्या घरात हे घडलेले असू शकते, आणि तो ते सांगेलच असे नाही.

यासाठी या छंदाने एक साधन शोधले आहे. अमेरिकी डिझायनर जॉन स्टाव्हरोपोलस यांचे 'एक्स कार्ड' : टेबलाच्या मध्यभागी फुलीचे एक कार्ड ठेवायचे. कुणीही त्याला बोट लावले, की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचे. कारण विचारायचे नाही. पुणे-मुंबईच्या कॅफेतल्या टेबलावर ते औपचारिकता वाटू शकते. यवतमाळच्या गेमच्या डब्यात मात्र ते पहिल्या पानाच्याही वर असायला हवे.

छापायचे आणि विकायचे कसे?

इथे फार काही अवघड नाही. पहिल्या झटक्यात ३०० पानांचे पुस्तक आणि लाकडी पेटी ही कल्पना सोडावी. एकच साहस, १६ पाने, पिन मारलेली पुस्तिका. पिनेच्या पुस्तिकेत पाने चारच्या पटीत लागतात, हे आधीच ध्यानात ठेवलेले बरे. 'मुक्त'सारखे देवनागरी युनिकोड फाँट मोफत आणि व्यावसायिक वापराला खुले आहेत. काना-मात्रा वर-खाली जातात, म्हणून ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते आणि इंग्रजीच्या अंदाजाने धरलेली पाने पुरत नाहीत. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे गेम पुस्तकाच्या रूपात आणणे सोयीचे ठरते.

किकस्टार्टरवर भारतातून थेट प्रकल्प लावता येत नाही. पीडीएफ 'इच डॉट आयओ' किंवा 'ड्राइव्हथ्रू आरपीजी'वर ठेवता येते आणि छापील प्रतींची आगाऊ नोंदणी ओळखीच्यांत यूपीआयवर घेता येते.

त्याआधी एक पायरी उरते, आणि घाईत तीच वगळली जाते. पुस्तिकेची झेरॉक्स अशा चौघांना द्यायची, ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही. आर्णी रोडवरच्या हॉस्टेलवर असे चौघे सहज मिळतील. लिहिणाऱ्याने खोलीत बसायचे, पण तोंड उघडायचे नाही. चिंचोके कुणी उलटे मोजले, कुठल्या पानावर सगळे मोबाइल बघू लागले, एवढेच टिपायचे. अर्ध्या तासात बहुधा कळेल, की चौथ्या पानावरचा चकव्याचा नियम कुणालाच समजलेला नाही. तो घरी जाऊन पुन्हा लिहायचा आणि पुढच्या रविवारी दुसरे चौघे शोधायचे.